बाराव्या दिवसाची कुंची

घाईनं आलेल्या माणसाच्या हातात कुंचीमावशी आधी सुईदोरा द्यायची. "हा ओव, मग बोल." दोरा ओवेपर्यंत माणसाचा आवाज खाली यायचा. मग मावशी सुई परत घेऊन विचारायची, "हं, सांग आता. काय जळायलंय तुझं?"

सोनपेठला, माझ्या माहेरच्या गल्लीत, तान्ह्या बाळांच्या कुंच्या शिवणारी ती एकटीच. डोकं झाकून पाठीवर रुळणारी, खणाची, जरीच्या काठाची कुंची. बाळ जन्मायच्या आधी त्याचं कापड कापायचं नाही, हा रिवाज. आणि बाराव्या दिवशी बारशाला तर ती डोक्यावर हवीच. त्यात दोन-तीन घरची बाळंतपणं एकदम आली की दुसरी बाई वेडीच झाली असती. मावशी मात्र दुपारी पान खाऊन निवांत डुलकी काढायची.

तिचा नियम साधा. आलेलं काम रांगेत बसवायचं, एक पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याचं कापड उलगडायचं नाही, आणि हातून होणार नसेल तर तोंडावर नाही म्हणायचं. एकदा देशमुखीणबाईंनी मधेच काम घुसवायला पाहिलं. मावशी म्हणाली, "बाईसाहेब, तुमचं बाळ काय रांग मोडून आलंय व्हय?" बाई हसत पाटावर बसल्या नि दोरा ओवू लागल्या.

निजामाच्या राजवटीचे ते अखेरचे दिवस. मावशीच्या एकुलत्या लेकीला लग्नानंतर किती वर्षांनी दिवस गेले होते! पण रझाकारांच्या धास्तीनं तिला माहेरी आणता आलं नाही. गोदावरीपलीकडे सासरीच ती बाळंत झाली. नातू झाल्याचा निरोप आला, तेव्हा मावशीच्या मांडीवर माझ्या पहिल्या बाळाची कुंची होती. मी म्हणाले, "माझी राहू दे गं मावशी. आधी नातवाची शीव आणि नीघ."

"न्हाई गं बाई. घरचं म्हणून मधी घुसवलं, तर ती रांग कसली? अन् बारशाला लय अवकाश हाय."

माझी झाली. मग नातवाची, हिरव्या खणाची, जीव ओतून शिवलेली. बारशाच्या आदल्या दिवशी गाठोडं घेऊन ती नदीपार गेली. पण बाळ त्याच्या आधीच तापानं गेलं होतं.

कुंची तशीच परत आली. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती रडली नाही. "येळेवर झाली हुती गं," एवढंच म्हणाली. देवा, ते वाक्य अजून काळजात रुतून आहे.

पुढं गल्लीतल्या बायका कौतुक करू लागल्या, मावशी हल्ली किती लवकर देते म्हणून! बाळ झाल्याचं कळायचा अवकाश, ही शिवायला बसे. दुपारची झोप गेली, पान सुटलं. भराभर टाके घाली, बोटं टोचून घेई. कुणाला दोरा ओवायला सांगणंही तिनं सोडलं. सगळ्यांना थांबायला लावणारी बाई, तिलाच आता थांबवेना.

दुसऱ्या खेपेला मला मुलगी झाली, त्याच दिवशी दिवेलागणीला मावशी दारात. हातात कुंची. आई म्हणाली, "अगं, बारशाला वेळ आहे अजून!" मावशीनं ऐकलंच नाही. पोरीच्या डोक्यावर कुंची घातली, नाडी बांधली.

"घातली बाई एकदाची," ती म्हणाली, आणि नातू गेल्यापासून पहिल्यांदाच, माझ्या खाटेला डोकं टेकून मोठ्यानं रडली.