आईच्या हातचं डबकं

ताईचं डोकं फिरायचं ते रविवारी. आठवडाभर ती शिवणकामाच्या कारखान्यात मुकादम होती आणि तिथे तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. पण रविवारी दोघे भाऊ तिच्याकडे जेवायला यायचे आणि पहिला घास घ्यायच्या आधीच धाकट्याचं सुरू व्हायचं, आईच्या हातचं डबकं आठवतंय का रे!

डबकं म्हणजे त्यांच्या लहानपणीचं रात्रीचं जेवण. कोबी आणि बटाटा, खाली करपलेला, वर पाणी. करपलं की लपवायला पाणी ओतायचं, पाणी फार झालं की आटवायला परत शेगडीवर ठेवायचं, म्हणजे ते परत करपायचं. मधला सांगायचा, दारातल्या मांजराने एकदा वास घेतला आणि शेजाऱ्यांकडे बिऱ्हाड हलवलं. धाकटा पोट धरून हसायचा. आई आता ताईकडेच राहायची, तीही तोंडावर हात ठेवून हसायची. मेलं त्या हसण्याचीच ताईला चीड होती.

कारण डबकं आईने कधी केलंच नव्हतं. ते ताई करायची, शेगडीपर्यंत हात पुरत नाही म्हणून पालथ्या बादलीवर उभी राहून. वडिलांनी आईला बजावलं होतं की नोकरी खुशाल कर, पण घरातलं जेवण तुझ्याच हातचं हवं. आई कपडे धुण्याच्या कारखान्यातून अंधार पडल्यावर यायची, वडील तिच्याही मागून. त्यांना कळू नये म्हणून आईने दोन्ही मुलग्यांना सांगून ठेवलं होतं की स्वयंपाक ती दुपारीच करून जाते, ताई नुसता गरम करते. खेळण्यातून सवड कुणाला होती? भावांनी ते खरं मानलं. पुढे वडील गेले. आता घाबरायचं कुणाला? तरी ही बाई गप्पच!

त्या रविवारी धाकट्याने तेच दळण दळलं आणि आई म्हणाली, "माझ्या हाताला चवच नव्हती रे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने डाव टेबलावर आपटला.

"तुझा हात लागला होता का त्याला? मी करायचे ते. रोज मी करायचे, बादलीवर उभी राहून."

मधल्याचा घास हातातच राहिला. धाकट्याने चाचरत विचारलं, मग ते इतकं वाईट कसं व्हायचं? ताई त्याच्यावरच उखडली. शिकवायला होतं कोण? रोज रात्री चमचा आईच्या तोंडाशी धरून ती विचारायची, आणि आई रोज म्हणायची, छान झालंय. पोरीने हात टेकले असते तर आईची नोकरी गेली असती ना!

"बरं, तेव्हाचं सोड," ताई आईकडे वळली. "बाबा गेल्यावर तरी सांगायचंस."

आईने ताट पुढे सारलं.

"वाईट स्वयंपाक करणाऱ्या आईला पोरं हसतात," ती म्हणाली. "एवढ्याशा पोरीला चुलीला जुंपणाऱ्या आईला कोण हसतं? ह्या दोघांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं मला."

"आणि माझ्या नजरेतून उतरलीस ते चाललं?"

ताईने आईच्या ताटात भात वाढला आणि सांगितलं, मुकाट्याने जेव. आई जेवली. भाऊही खाली मान घालून जेवले आणि लवकरच निघाले.

त्यानंतर त्या घरात डबक्याचं नाव कुणी काढलं नाही. ताईचा राग मात्र गेला नाही, उलट वाढला, आणि का वाढू नये? आईने केलं असं वाटत होतं तोवर डबक्याची आठवण भाऊ दर रविवारी मायेने काढायचे. ते ताईने केलं हे कळल्यावर दोघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही की, ताई, बादलीवर उभं राहून तुझे पाय दुखायचे का गं?