थांबलेल्या पंख्यावरचं नाव

औशात कुणाचाही पंखा जळला की तो महेबूबच्या दुकानात यायचा. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं वायंडिंगचं दुकान. दारातच वार्निशचा वास, आत तांब्याच्या तारेची भेंडोळी, आणि भिंतीला उसाची मोळी उभी करावी तशी टेकवलेली पंख्यांची पाती. बापही हेच करायचा. मशिदीचा पंखा असो, मारुतीच्या देवळातला असो की शाळेतला, शिडी खांद्यावर टाकून उतरवायला महेबूबच जायचा.

असल्या सगळ्या पंख्यांच्या पात्यांवर मेलेल्यांची नावं असतात. कुणी कैलासवासी, कुणी मरहूम. मागं राहिलेली माणसं त्यांच्या नावानं पंखा देतात. आता फिरत्या पंख्यावरचं नाव कुणाला वाचता येतंय? तो बिघडला, थांबला, महेबूबनं मांडीवर घेऊन फडक्यानं पुसला, की धुळीखालून नाव वर यायचं. समोरचा चहावाला श्रीमंत माने त्याला म्हणायचा, "महेबूबभाई, औशातले निम्मे मयत तूच पुसलेस बघ. आमच्या आबाचं नाव जरा हळू घास. जितेपणी लई चिकट माणूस व्हता, त्याला फिरता पंखा बगवायचा न्हाई."

महेबूब हसायचा. बायको गेल्यावर हसणं कमी झालं.

शहजादी गेली ती भर उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत. लाईट गेलेली होती. "वारा घाला" एवढंच ती म्हणत होती, आणि गावभरच्या पंख्यांना जीव देणारा हा माणूस पुठ्ठ्याच्या तुकड्यानं वारा घालत बसला होता. त्या पुठ्ठ्याचा आवाज त्याच्या कानातून पुढं कधी गेला नाही.

त्यानंतरच्या ईदला नमाज झाल्यावर कमिटीच्या शारिकभाईंनी ईदगाहवर जाहीर केलं की जमातीचा शादीखाना, लग्नाचा हॉल, बांधायचा. कुणी फरशी कबूल केली, कुणी दरवाजे. महेबूब उठला आणि म्हणाला, हॉलचे सगळे पंखे माझ्याकडून, शहजादीच्या नावानं. सगळ्या जमातीनं ऐकलं. बायका ईदगाहवर नव्हत्या, त्यामुळं त्याच्या मुलीनं, मनतशानं, तेवढं ऐकलं नाही. यानंही घरी येऊन सांगितलं नाही. पंखे टांगले की एकदमच दाखवू, वर आईचं नाव बघून पोरगी डोळे पुसेल, असलं काहीतरी त्याच्या मनात होतं.

पुढं नकाशाचं काम कमिटीनं मनतशालाच दिलं. ती आर्किटेक्ट झालेली, नांदेडला एका ऑफिसात होती. गावची लेक, तिचं पहिलंच काम. महेबूब आठवडाभर वार्निशच्या वासातही अत्तर लावल्यासारखा वावरला.

नकाशा घरी आला तेव्हा त्यानं चष्मा लावून पंख्याच्या खुणा शोधल्या. सापडेनात.

"पंख्याच्या खुणा कुठं हाईत गं?"

"पंखे नाहीत, अब्बा. लागणारच नाहीत."

तिनं समजावून सांगितलं. भिंती जागेवरच्याच मातीच्या, न भाजता दाबून केलेल्या विटांच्या. उत्तरेला चिंचेच्या सावलीत, पायाशी, जाळ्या. छताखाली चौफेर झरोके. गार हवा खालून येणार, माणसांची गरमी वर जाऊन झरोक्यातून निघून जाणार. आणि स्लॅबमध्ये सळ्यांच्या मधोमध कुंभारवाड्यातली मडकी तोंडं झाकून, बूड खाली करून बसवायची. सिमेंट कमी लागतं आणि मडक्यातल्या पोकळीमुळं ऊन आत उतरत नाही. वर पंखा लावला तर चढलेली गरमी तो पुन्हा माणसांच्या डोक्यावर ढकलेल.

महेबूबला पंख्याच्या पोटातलं सगळं कळायचं. पंख्याखालच्या हवेचा विचार त्यानं कधी केला नव्हता. त्यानं मान हलवली आणि कबुलीचं तिला सांगितलंच नाही. बोलावं तर पोरगी म्हणेल, अम्मीचं नाव दुसऱ्या कशावर घालू. दुसऱ्या कशावर त्याला नको होतं.

हॉल उभा राहिला. मडक्यांची तांबडी बुडं छतातून खाली बघत होती, माणसं मान वर करून बघून जायची. आणि बघून झालं की महेबूबला विचारायची, पंखे कधी? एकदा श्रीमंतच्या हॉटेलात चहा पिता पिता शारिकभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "महेबूबभाईचं बरं झालं. लेकीनं नकाशातनंच बापाचा खर्च काढून टाकला."

चारजण हसले. शारिकभाई माणूस वाईट नव्हता, बोलायची खोड होती. पण महेबूबनं चहा तसाच खाली ठेवला. म्हणजे बापलेकीनं मिळून मयताच्या नावचा शब्द खाल्ला, असं गाव बोलत होतं. आणि खुलासा करायचा तर पोरीला काही सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी मनतशा नांदेडला गेली. तिथल्या एका चर्चच्या लोकांना नदीकडच्या जागेत प्रार्थनेचा हॉल आणि शाळेच्या खोल्या बांधायच्या होत्या. औशाचा हॉल बघून ठरवू, असं ते म्हणत होते. इकडं दुपारी कामावरची माणसं जुम्म्याच्या नमाजला गेली आणि महेबूब शिडी, ड्रिल आणि पंखे घेऊन रिकाम्या हॉलात शिरला. हे एका दुपारचं काम नव्हतं. ती नांदेडला मुक्कामी होती तोवर एका माणसाला सोबत घेऊन त्यानं ते उरकलं. पण पहिलं भोक पाडलं ते एकट्यानं, जुम्मा चुकवून, लाऊडस्पीकरवर खुतब्याचं प्रवचन चालू असताना.

मडक्यांच्या मधल्या पट्टीत ड्रिल लावलं तर सळई लागायची आणि ड्रिल किंचाळायचं. मग त्यानं टोक सरकवून मडक्याच्या बुडावर धरलं. मडकं मऊ. ते फुटलं आणि खापऱ्या त्याच्या तोंडावर, दाढीत, उघड्या ओठात पडल्या. भाजल्या मातीची चव लागली. तेव्हा थांबता आलं असतं. तो थांबला नाही. आरपार भोक पाडून, वर गच्चीवर पट्टी टाकून त्यानं बोल्ट आवळला, वरून सिमेंट थापलं. खापऱ्या झाडून वाळूच्या ढिगात पुरल्या. प्रत्येक पंख्याच्या प्रत्येक पात्यावर पेंटरकडून आधीच लिहून घेतलं होतं: मरहूमा शहजादी बी.

मनतशा आली आणि पंख्यांखाली उभी राहिली. पुष्कळ वेळ वर बघत होती. महेबूब दाराशी हातातलं फडकं पिळत उभा. ती डोळे पुसेल असं त्याला अजूनही वाटत होतं.

"अक्षर चांगलं काढलंय," ती म्हणाली, आणि बाहेर गेली.

बाहेर ती वाळूच्या ढिगापाशी थोडी थांबली, हे त्यानं बघितलं. काय उचललं, ते मात्र बघायचं टाळलं.

उद्घाटन मे महिन्यातलं, भर दुपारचं. हॉल गच्च भरलेला. नांदेडहून पास्टर सुदर्शन आणि चर्चचे दोघं वडीलधारे पहिल्या ओळीत. बोर्ड सांभाळायला अर्थातच महेबूब. त्यानं सगळे पंखे पुरे सोडले, आणि थोड्याच वेळात वरची गरमी अंगावर यायला लागली, चुलीतला जाळ फुंकणीनं तोंडावर यावा तशी. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, हे मातीचं खूळ कुणी काढलं? शारिकभाई शेजारच्याला ऐकू जाईल असं बोलले, आरसीसी करा म्हणत होतो मी. पोरीबाळींच्या हाती काम दिलं की असंच.

महेबूब ऐकत होता. बोर्डापासून पहिली ओळ जवळच. पास्टर सुदर्शननी गळ्याचं बटण सोडलं आणि मनतशाला हळूच विचारलं की तुम्ही तर पंखे लागणार नाहीत म्हणाला होता ना.

ती म्हणाली, "छताला भोकं पाडायला नको होती. ते माझ्याकडून चुकलं, साहेब. आधीच सगळ्यांना विचारून घ्यायला पाहिजे होतं."

महेबूबनं चमकून तिच्याकडं बघितलं. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. खापऱ्या हिनं बघितल्या होत्या, कबुलीचंही कुणाकडून कळलं होतं, आणि चर्चचं काम हातचं जात असताना ती बापाचा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभी होती. तीन पावलांवर. त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं तरी प्रकरण तिथंच मिटलं असतं. त्याला आता भुईनं पोटात घेतलं असतं तर तो हौसेनं गेला असता. पण तो बोर्डाला चिकटून राहिला.

आणि लाईट गेली.

पंखे मंदावले, डुलले, थांबले. वर बघणाऱ्या सगळ्यांना शहजादीचं नाव दिसलं, इकडून तिकडं, पात्यापात्यावर. लोक "आता मेलो" म्हणून कुरकुरले, आणि कुरकुर आपोआप विरली. आधी पोटऱ्यांना कळलं. जाळीतून, चिंचेखालून, पायापायांतून गारवा सरकत येत होता. झरोक्यापाशी बांधलेल्या पताका बाहेरच्या अंगाला झुकल्या होत्या. एक म्हातारी चप्पल काढून फरशीवर पाय टेकवून बसली. पास्टर वर, खाली, जाळीकडं बघू लागले आणि जागचे उठून त्यांनी जाळीपुढं तळहात धरला.

लाईट आली. पंखे धक्का खाऊन सुटले, नावं पुसून गेली आणि गरमी पुन्हा खाली बसली. बंद करा, बंद करा, असा सगळीकडून गलका उठला. महेबूबनं मेन खाली ओढला.

शारिकभाईंनी पाठीवर थाप मारली. "शेवटी कारागीर तो कारागीर. पंखे बंद ठेवले की गार, हे पोरीला नाही उमगलं ते बापाला उमगलं."

ही थाप मात्र त्याला सोसली नाही.

"शारिकभाई," तो म्हणाला, आणि आवाज वाटला त्याहून मोठा निघाला, "पंखे मीच टांगले. जुम्मा बुडवून. तिला न इचारता. मडकी मीच फोडली, खापऱ्या मीच पुरल्या. ती खोटं बोलून राहिली माझ्यासाठी."

 श्रीमंत काहीतरी थट्टा काढायला गेला आणि मग नुसता पताका बघत बसला. मनतशानं बापाकडं बघितलं. त्या नजरेत माफी होती की नव्हती, हे तो पुढं कितीदा तरी आठवून बघणार होता.

"बसा आता, अब्बा," ती म्हणाली. "लोक जेवायचेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं पंखे उतरवले आणि हातगाडीवर रचले. मागच्या गल्लीतून नेता आले असते. त्यानं भर बाजारातून नेले, पात्यांवरची नावं वर करून. किल्ल्याच्या रस्त्यापासून बसस्टँडपर्यंत जो तो विचारायचा, का हो, परत? महेबूब गाडी थांबवायचा, सांगायचा, माझंच चुकलं, आणि गाडी ढकलायचा. सगळ्यांना सांगून दुकानापाशी पोचेस्तोवर उन्हं कलली होती. श्रीमंतनं न मागता चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच आबाचं नाव काढलं नाही.

भोकं बुजवली. पण तांबड्या मडक्यांच्या रांगेत सिमेंटचे करडे डाग राहिले ते राहिलेच. लग्नात पंगतीला बसलं की माणसं वर बघतात आणि मग नकळत महेबूबकडं. तो पानातल्या भाताकडं बघतो.

चर्चची माणसं पुन्हा येऊन गेली, ऐन उन्हात, पंखे नसताना. काम मनतशालाच मिळालं. पहिल्या बैठकीला तिनं बापाला नांदेडला सोबत नेलं. वायरिंगचं बघायला, असं म्हणाली. तो सगळ्यात मागच्या खुर्चीत बसला. नकाशा उघडायच्या आधी तिनं विचारलं, "पंखे कुणी कबूल केलेत का? आधी तेवढं सांगा."

लोक हसले. एक हात मात्र वर आला. कस्तुराबाई म्हणून म्हातारी होती, पांढऱ्या लुगड्यातली. म्हणाली, माझ्या मालकाच्या नावानं मी कबूल केलेत, बाई, सगळ्या मंडळीसमोर. आता माझ्या शब्दाचं काय करायचं?

मनतशा मागं वळली.

"अब्बा, तुम्ही सांगा त्यांना."

सगळ्यांच्या माना मागं फिरल्या. महेबूबनं टोपी नीट केली, उगाच खिसा चाचपला. त्याच्यापाशी सांगण्याजोगं एकच होतं. तो उठला आणि खाली बघतच बोलायला लागला.