लाकडाचं सोंग न करणारा उस्मान

उस्मान गेल्याचा फोन आला तेव्हा मी पडवीत रंध्याचं पातं घासत बसलो होतो. त्याचा मुलगा रियाज म्हणाला, "चाचा, बाबा गेले." मी विचारलं, "कुठं?"... खरंच विचारलं. आदल्या जुम्म्याला मशिदीच्या पायरीवर माझ्याशी कडाकडा भांडलेला माणूस असा जातो कसा? आता दीड महिना झाला. रडून झालं, राग उरलाय, आणि तो कागदावर उतरवल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही. मी चौथी शिकलेला सुतार. शब्द चुकला तर पेपरच्या पुरवणीवाल्यांनी नीट करावा, मतलबाला हात लावू नये.

शोकसभेत एक पाहुणा आला होता. उस्मानला त्याने जन्मात बघितलं नव्हतं. माइक धरून म्हणतो काय, तर उस्मानभाईंनी सौदीहून फायबर आणलं आणि आपल्या खाडीतलं लाकूडकाम कायमचं मोडीत काढलं, केवढी ही प्रगती! लोकांनी माना डोलावल्या. मी उठलो तर शेजारच्याने सदरा धरून खाली बसवलं. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवाल का? ज्याने माझ्या लाकडासाठी स्वतःची रोटी पणाला लावली, त्याला तुम्ही लाकडाचा दुश्मन ठरवता?

आम्ही दोघं सौदीत जिझानला एकाच कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, होतो. समुद्राला लागून पत्र्याची शेड, तिथं छोट्या मोटारबोटी व्हायच्या, जुन्या घाटाच्या, नाक निमुळतं, बाजू गोलसर. बाहेरचं कवच फायबरचं, ते उस्मानचं काम. आतलं सगळं सागवानी, बाकं, तळफळ्या, सुकाणूपुढची पट्टी, ते माझं. एका बोटीत दोन सवती नांदाव्यात तसे आम्ही नांदलो. मी फळी बसवली की तो यायचा, बोटाच्या पेरांनी ठोकायचा, टक टक, आणि म्हणायचा, "हुसेन, तुझं लाकूड म्हणजे म्हातारी सासू रे. रोज तेल चोळा, वर रुसते ती रुसतेच." मी म्हणायचो, "तुझं फायबर म्हणजे बादली. उन्हात बसून बघ त्यावर, मांड्या भाजून निघतील." तो म्हणायचा, बादली कुजत नाही. मी म्हणायचो, माझी तळफळी उचलता येते, खाली पाणी मुरलं तर डोळ्यांना दिसतं, तुझं चिकटवलेलं अस्तर खाली काय लपवून बसलंय ते कुणाच्या बापाला कळणार? रोज हेच. जेवायला मात्र एकाच थाळीत.

मग कुवेतचं प्रकरण झालं. लढाई आमच्यापासून लांब, वर उत्तरेला, पण झळ शेडपर्यंत आली. आमच्यातले येमेनी सुतार सौदीला नकोसे झाले, बोजाबिस्तरा बांधून हद्दीपलीकडे गेले, गळ्यात पडून रडत गेले. सागवान घेऊन येणारी जहाजं येईनाशी झाली. लोक रेडिओला कान लावून बसायचे, घरून निरोप यायचे, या निघून. अशात कफीलने एक बोट मागितली, त्याच्या थोरल्या भावाला भेट म्हणून नजर करायची होती. शेडमध्ये येऊन म्हणाला, लाकूड खलास, सुतारही खलास. हुसेनला घरी पाठवू. उस्मान, आतलंही तू फायबरचं कर, आणि वर लाकडाच्या रेषा रंगव. भावाला कळणार नाही.

मी तिथंच उभा होतो. घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, छपराला कौलं नव्हती.

उस्मान म्हणाला, "फायबर करतो. पण फायबरसारखं दिसेल असं करतो. लाकडाचं सोंग मी करणार नाही."

कफील हसला. त्याला वाटलं मस्करी आहे. म्हणाला, "यल्ला, काम सुरू कर." उस्मान जागचा हलला नाही. "माझा माल खोटा आहे का, की त्याने दुसऱ्याचं तोंड लावून फिरावं? असली बोट हवी तर मलाही हुसेनबरोबर पाठवा." पासपोर्ट कफीलच्या कपाटात असताना त्याला असं बोलणं म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. कफील लालबुंद होऊन गेला. मी म्हटलं, "उस्मान, मेल्या, माझ्यासाठी कशाला मरतोस?" तर माझ्यावरच खेकसला, "तुझ्यासाठी? तुझं तोंड बघ आरशात! फायबरसाठी बोललो मी!"

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर मोडून पडलेला एक जुना सांबुक, म्हणजे तिकडचं लाकडी गलबत, त्याच्या फळ्या ठोकत फिरताना मला उस्मान दिसला. फायबरवाला! "ही बोलते, ही मेलीय, ही बोलते..." पाठीवर फळ्या लादून आम्ही शेडमध्ये आणल्या. मी रंधा मारला तसा खारट काळपट थराखालून सागाचा सोनेरी रंग वर आला. त्या फळ्यांनी आतलं काम झालेली बोट कफीलने बघितली, तळफळी उचलून बघितली, परत ठेवली. घरी पाठवायचं नाव पुन्हा काढलं नाही. याला म्हणतात लाकूडकाम मोडीत काढणं?

पुढे आम्ही गावी परतलो. त्याने खाडीवर फायबरच्या होड्या दुरुस्त करायची शेड घातली, मी समोर सुतारकाम. भांडण समुद्र ओलांडून बरोबर आलं होतंच.

गेल्या आठवड्यात रियाजने शेडवर बापाच्या नावाचा नवा फलक लावला. लांबून छान दिसला, सागवानी. मी जवळ गेलो, पेरांनी ठोकलं. टप्. प्लास्टिक! वर लाकडाच्या रेषा छापलेल्या. माझं डोकंच फिरलं. स्टूल ओढून चढलो आणि खिळे उपसायला लागलो. रियाज धावत आला, "चाचा, उतरा, पडाल! झालं काय?"

"ह्या सोंगासाठी तुझा बाप कफीलला भिडला होता का रे?"

त्याला सगळं सांगितलं. बिचाऱ्याला घरात कुणी बोललंच नव्हतं, बापाने तर नाहीच. ऐकून म्हणाला, "मग चाचा, तुम्हीच सागाचा करून द्या."

सागाची फळी माझ्याकडे आहे. चांगली मुरलेली, बोलणारी. मी हो म्हणायला तोंड उघडलं... आणि फलक उपसलेल्या त्या भिंतीकडे बघितलं. शेड फायबरवाल्याची.

"फायबरचा कर," मी म्हटलं. "पांढरा. सरळ फायबर दिसला पाहिजे."

काल तो लागला. जाता-येता मी ठोकून बघतो. आवाज बादलीसारखाच येतो.