कानसेनबाई आणि हरवलेला ठोका

प्रसूती विभागात त्या सिस्टरना सगळे कानसेनबाई म्हणत, तेही तोंडावर. नोकरीची पहिली दहा वर्षं लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके मोजण्यात गेली होती. यंत्रं नंतर आली. त्यांच्याशी बाईंचं वाकडं नव्हतं, पण नुसत्या आकड्यांवर त्या विसंबत नसत.

सहा नंबरच्या खाटेवर गणिताची मास्तरीण होती. पोटात जुळं, दोघांना पोसणारी वार एकच, आणि एका बाळाची वाढ मागे पडलेली. छत्तीस आठवडे भरले की सिझेरियन, असं ठरलं होतं. तोवर दिवसातून दोनदा ठोके तपासायचे. फुप्फुसं पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शनंही देऊन झाली होती. मास्तरीण कॅलेंडरवर रोज एक काट मारायची.

चौतीस आठवडे झाले त्या सकाळी तरुण डॉक्टरने आलेख पाहिला. "दोघंही मजेत. ठोके अगदी सारखे आहेत."

बाईंना तेच खटकलं. "डॉक्टर, जुळी असली तरी काळजं काही एका तालात चालत नाहीत. आपण एकाचेच ठोके दोनदा ऐकतोय."

त्याने ते हसण्यावारी नेलं नाही. "मग दुसरं कुठंय?"

बाईंनी एका हाताने मास्तरणीची नाडी धरली, म्हणजे तिचाच ठोका बाळाचा वाटायला नको. दुसऱ्या हाताने यंत्राची चकती बोट बोट सरकवली. डाव्या बरगडीखाली एक ठोका लागला. मंदावत होता, सावरत होता, पुन्हा मंदावत होता.

"आहे ना?" मास्तरणीने विचारलं.

"आहे. पण दमलंय. आता बाहेर घ्यायला हवं."

"अजून दोन आठवडे कमी पडतायत."

"तुमचं गणित बरोबर आहे हो. पण बाळाला तेवढा दम नाही."

डॉक्टरनेही तेच सांगितलं. अर्ध्या तासात दोन्ही मुली बाहेर आल्या. थोरलीने खोली डोक्यावर घेतली. धाकटी जेमतेम दीड किलोची, गप्पगार. नाकातोंडावर मास्क धरून थोडी हवा दिल्यावर मांजरीसारखी कुरकुरली, आणि मास्तरीण तेव्हा कुठे रडली.

धाकटी पाच आठवडे काचपेटीत होती. घरी निघायच्या दिवशी मास्तरीण बाईंना शोधत आली, तर त्या डबा उघडून बसलेल्या. तिने मुलगी पुढे केली.

"थांबा, हात धुऊन येते," बाई म्हणाल्या आणि डबा बाजूला सारून उठल्या.