सोनाजीची चापट

सोनाजी शिरड शहापूरच्या बौद्ध वस्तीतला. वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. पोरगं अकरा वर्षांचं असताना जळबा वस्तादांच्या तालमीत गेलं. तालमीतल्या दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली, तेव्हा वस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याला सोन्यासोबत माती खेळायची न्हाई त्यानं उद्यापासून येऊ नये." दोघं आलेच नाहीत. वस्तादांनी पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

मी नरसिंग. औंढ्याला माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे, आणि जत्रेतल्या कुस्त्यांना माइकवर मीच बोलतो. सोनाजीच्या पंधरा वर्षांतल्या बहुतेक कुस्त्या मीच पुकारल्या. समोरच्याचे पाय ओढून पट काढण्यात त्याचा हात धरणारा पाच तालुक्यांत नव्हता. मग गुडघा गेला. डॉक्टरांनी माती बंद सांगितली आणि तो हिंगोली-औंढा रस्त्यावर जीप चालवू लागला. जीपमध्ये बसणाऱ्यांना हा पैलवान होता हेही माहीत नसायचं. त्याला ते फार लागायचं. बायकोला, पल्लवीला, तो म्हणायचा, "आता मला लोक निस्ते 'ए ड्रायव्हर' म्हणतेत."

अशी सात वर्षं गेली आणि सोमेश्वर आला. पुण्यात चार वर्षं राहून आलेला, हिंगोलीत जिम चालवणारा, बोलण्यात गुळगुळीत. त्याने 'महाबली' नावाचा शो काढला. दोऱ्यांचा चौकोन, वर रंगीत दिवे, मोठमोठे स्पीकर, आणि आधीच ठरवलेल्या मारामाऱ्या. त्याने सोनाजीला काळा मुखवटा घातला आणि नाव दिलं 'जल्लाद'. माइकसाठी मला घेतलं. मी गेलो. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

पहिला शो सेनगावला बाजाराच्या मैदानात झाला. माणसं टपऱ्यांच्या पत्र्यांवर चढून बसली होती. जल्लाद आत आला तशी जी बोंब उठली, तशी मी कुठल्याच फडात ऐकली नव्हती. लोक त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होते आणि तो मुखवट्याआड हसत होता. उतरल्यावर मला म्हणाला, "नरसिंग भाऊ, सात वर्षांनी कोणी माझ्याकडं बघितलं."

तिसऱ्या शोपासून सोमेश्वरला रक्त पाहिजे झालं. सोनाजीने मनगटाच्या पट्टीत अर्धं ब्लेड खोचून ठेवायचं, खाली पडल्यावर तोंड झाकून कपाळावर ओढायचं. घामात रक्त मिसळलं की तोंडभर पसरतं. समोरची माणसं, लेकराबाळांची माणसं, भुईमुगाच्या शेंगा खात ओरडायची, "अजून काढ! अजून!" एक बाई कडेवरच्या लेकराला बोटाने दाखवत होती, ते बघ रगत, ते बघ. मीही माइकवर 'ते बघा रगत' हेच घोळवून घोळवून सांगत होतो. पुढच्या शोला मी वेळेवर हजर होतो.

पल्लवीने त्याच्या कपाळावरचे वण मोजणं सोडून दिलं होतं. एकदा फक्त म्हणाली, "दुसऱ्यानं मारलं असतं तर समजलं असतं."

वस्तादांच्या कानावर गेलंच. त्यांनी सोनाजीला वाटेत थांबवलं. "काल कोणता डाव मारलास?"

"डाव नसतो वस्ताद. ठरलेलं असतंय."

"कोण पडणार ते बी?"

"व्हय."

वस्तादांनी त्याच्या कपाळाकडे बघितलं. "मंग माझ्यापाशी काय शिकून राहिला होतास इतकी वर्सं?" एवढं बोलून ते निघून गेले. सोनाजी त्यानंतर त्यांच्या गल्लीतून जाईनासा झाला.

पाचवा शो औंढ्याला ठरला. सोमेश्वरने स्वतः जाऊन वस्तादांना बोलावणं दिलं. जुन्या पैलवानाचा सत्कार करायचाय, आणि तालमीला मॅट देऊ असं स्टेजवरच जाहीर करायचंय. मॅटचं ऐकून म्हातारा तयार झाला. सत्तरी उलटलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. सुमनबाईंनी, त्यांच्या बायकोने, ठेवणीतला फेटा काढून दिला.

त्या दिवशी दुपारी एका शाळेच्या वर्गात आम्ही तयारी करत होतो. सोमेश्वर सोनाजीला म्हणाला, "सत्कार चालू असताना तू घुसायचं. फेटा उडवायचा, एक चापट ठेवायची. मग आपला हिरो, टायगर, येऊन तुला तुडवणार. वस्तादांना सगळं सांगितलंय. हसले, म्हणले चालतंय."

सोनाजी घुटमळला. "खरंच म्हणले?"

"तुझी शपथ."

तो बाहेर गेल्यावर सोमेश्वर माझ्याकडे वळून हसला. "म्हाताऱ्याला काही माहीत नाही. माहीत नसलं तरच चेहरा खरा येतो."

मी ऐकलं. सोनाजी दहा पावलांवर पायाला पट्टी बांधत बसला होता. मी हातातला माइक पुसत राहिलो.

सहा वाजता मीच पुकारलं, "शिरड शहापूरचे वस्ताद, जळबा पैलवान!" लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. वस्ताद दोरी धरून कसेबसे वर चढले, मातीला करतात तसा त्या फळ्यांना हात लावून नमस्कार केला. शाल खांद्यावर पडली. नारळ हातात दिला. ते काही बोलणार म्हणून मी माइक त्यांच्या तोंडापाशी धरला, तेवढ्यात मागून जल्लाद आला.

फेटा उडाला. नारळ गडगडत खाली गेला. मग चापट बसली. सोनाजीने हात हलका ठेवला होता असं तो नंतर सांगायचा. आवाज माइकवर चांगला मोठा आला.

वस्ताद पडले नाहीत. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि त्यांनी जल्लादाचं मनगट पकडलं. तशी पकड तालमीत ते पहिल्या वर्षी शिकवायचे. पकडल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मुखवट्याकडे बघितलंच नाही, हातातल्या ओळखीच्या मनगटाकडे बघितलं.

"सोन्या?"

माइक मी अजून तिथंच धरलेला होता. ते नाव सगळ्या मैदानात घुमलं. आणि लोक हसले. त्यांना वाटलं हेही ठरलेलंच आहे. कोणीतरी ओरडलं, "आजोबा, अजून एक खावा!" शिट्ट्या सुरू झाल्या.

वस्तादांनी मनगट सोडून दिलं. टायगर धावत आला आणि सोनाजीच्या पाठीत पत्र्याची खुर्ची घातली. सोनाजी हलला नाही. खालून सोमेश्वर दात चावत सांगत होता, "पड! पड की भाड्या!" टायगरने आणखी दोनदा मारलं. सोनाजीने मुखवटा काढून खाली टाकला आणि फेटा उचलायला वाकला. तेव्हा लोक खवळले. म्हाताऱ्याला मारलं त्याचं कुणाला काही नव्हतं. जल्लाद पडत नाही म्हणून पाण्याच्या बाटल्या आल्या, चपला आल्या. त्या चपलांतून वस्ताद एकटेच खाली उतरले. फेटा त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सतरा सेकंदांचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. खाली हसण्याचा आवाज लावलेला. सोमेश्वर खूश होता. हिंगोलीच्या शोला त्याने एक भाड्याचा म्हातारा आणला, त्याला फेटा बांधला आणि त्याला तिघांकडून चापटा मारवल्या. गर्दी त्याहून जास्त काही मागू लागली. तेवढ्यात बाजूची, लोक बसलेली फळी मोडली, दोन माणसं जायबंदी झाली, आणि पुढची परवानगी मिळाली नाही. सात महिन्यांत महाबली संपलं ते फळीमुळे. लाज वाटून बंद केलं असतं तर गोष्ट वेगळी. सोमेश्वर आता लग्नांना बाउन्सर पुरवतो, आणि भेटला की माझ्या पाठीवर थाप मारतो.

सोनाजी वस्तादांच्या दारात पाच वेळा गेला. दर वेळी सुमनबाई उंबऱ्यातूनच सांगायच्या, "झोपलेत." सकाळचे दहा वाजलेले असायचे. सहाव्या वेळी वस्ताद बाहेर आले.

"वस्ताद, मला सांगितलं होतं की तुमी व्हय म्हणलात."

"कोणी सांगितलं?"

"सोमेश्वरनं."

"दोन गल्ल्यांवर राहतो मी. येऊन इचारलं काहून न्हाई?"

नंतर पल्लवीपाशी सोनाजी बोलला, की विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि ते त्याला ऐकायचं नव्हतं.

वस्ताद म्हणाले, "मला लागलं न्हाई. जा." आणि दार लावून घेतलं. तालमीतली पोरं आता महाबलीसारखी भिंतीवरून एकमेकांच्या अंगावर उड्या मारायला लागली होती. एकाचं गळ्यापाशी हाड मोडलं. त्या आठवड्यात वस्तादांनी तालमीला कुलूप घातलं. ते अजून तसंच आहे.

सोनाजी परत जीपवर आला. मागच्या थंडीत मी हिंगोलीहून त्याच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलो. मागे कॉलेजातल्या पोरांनी तो व्हिडिओ लावला. हसण्याचा आवाज, मग "सोन्या?", मग परत हसणं. एकाने पुढे वाकून विचारलं, "काका, जल्लाद तुमीच ना? एक सेल्फी?"

त्याने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि सगळ्यांना उतरवलं. कोणाची पिशवी, कोणाचा डबा, एकेक करून हातात दिला. शिवी दिली नाही. आम्ही दोघंच राहिलो. दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सोनाजी, वस्तादांना माहीत न्हाई हे मला दुपारीच कळलं होतं. मी तुला सांगितलं न्हाई."

इंजिन चालूच होतं.

"काहून?" त्याने विचारलं.

शो बंद पडला असता, एवढंच कारण होतं.

"तुमी बी उतरा, नरसिंग भाऊ," तो म्हणाला.

मी उतरलो. तो रिकामी जीप घेऊन औंढ्याकडे गेला. ती पोरं मागून चालत येत होती आणि त्यातल्या एकाने मला ओळखलं. "अरे, हे तर माइकवाले काका!" म्हणत त्याने मोबाइल वर धरला.