माझ्या भिंतीवरचा लाल बाण

अनिश्चिततेचं स्वागत करा, असं ज्या बाईंनी मला सांगितलं, त्यांची पेन्शन दर महिन्याला न चुकता जमा होते. हे मी त्यांना भर सभेत विचारून घेतलं होतं, म्हणून लिहितो.

आमच्या बेळगावात दर वर्षी व्याख्यानमाला होते. मी तिला देणगी देतो, म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. माझा धंदा जुन्या लेथ मशिनींचा. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एखादा कारखाना बंद पडला की मी जातो, घासाघीस करून मशीन उचलतो, माझ्या शेडमध्ये दुरुस्त करून विकतो. खानापूरकडच्या खेड्यातून मी फौंड्रीत वाळू चाळायला आलो होतो. शेड ही माझी एकट्याची कमाई. तिच्यात वडिलांचा एक पत्रा नाही की सासऱ्याची एक वीट नाही.

त्या शेडच्या भिंतीवर एक लाल बाण आहे. एका सकाळी मोजणीचं यंत्र घेऊन दोन माणसं आली, बाण काढला आणि गेली. नवा रस्ता होणार म्हणे. कुठून, कधी, माझी शेड राहणार की जाणार, कोणी सांगत नव्हतं. बाण बघून बँकेनं कर्जाचं बोलणं थांबवलं. मोठं मशीन उचलायला क्रेन बसवायची होती, तिच्या पायाचा खड्डा तसाच राहिला. कामगार विचारायचे, "आप्पा, शेड ऱ्हाणार न्हवं?" मी खेकसायचो. भूसंपादनाच्या कचेरीत गेलो की टेबलामागचा कारकून म्हणायचा, "नोडोणरी. नाळे बर्री." बघूया, उद्या या. हे उद्या दोन पावसाळे चाललं होतं.

अशा माणसासमोर पुण्याच्या त्या निवृत्त प्राध्यापक बाई तासभर सांगत होत्या की खरा विचार 'मला माहीत नाही' इथून सुरू होतो, आणि आपण न कळण्याला घाबरतो म्हणून विचारच करत नाही. लोक माना डोलवत होते. माझं डोकं तापलं. प्रश्नांची वेळ आली तसा मी उभा राहिलो.

"बाई, तुमची पेन्शन पुढच्या महिन्यात येणार काय न्हाय?"

"येईल, असं वाटतं."

"वाटतं न्हाय, माहीत हाय तुम्हाला. म्हणून तुम्हाला स्वागत सुचतंय. आमचा मुलूख कुठल्या राज्यात, ह्येच आमच्या आज्ज्याच्या वेळेपासनं लोंबतंय. आमाला आणि किती स्वागत करायला लावता?"

हशा झाला. बाईंनी माइक जवळ ओढला. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे का, हे मला आत्ता माहीत नाही. विचार करावा लागेल."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना! मी गिऱ्हाइकाला 'हे मशीन चालेल का, माहीत नाही' असं सांगितलं तर टाळ्या सोडा, चहासुद्धा मिळायचा नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि उद्या त्यांना निपाणीला कोन सोडणार?" मीच. त्यांचं पुढचं व्याख्यान तिथं होतं, आणि संयोजकांना गाडी देतो म्हणून आधीच सांगून बसलो होतो. झोपायला जाताना ती एवढंच म्हणाली, "त्या प्लॉटवाल्याला हो म्हणून टाका एकदाचं. तुमचा जीव त्यात अडकलाय, आमाला बी गिळवत न्हाय."

हा प्लॉटवाला म्हणजे जमिनीचे सौदे करणारा एक इसम. माझी शेड तो पडेल भावात मागत होता. मी घासाघीस करणारा माणूस, पण त्या बाणानं माझ्यातला जोर काढून घेतला होता. उद्या त्याला हो म्हणायचं, हे मी मनात पक्कं केलं होतं. काहीतरी ठरलं म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन निघालो. हायवेला लागल्यावर मुद्दाम जोरात चालवत होतो. बाई खिडकीवरची कडी धरून बसल्या होत्या. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर प्लॉटवाल्याचा फोन वाजला.

"अण्णा, काय ठरलं? रस्ता तुमच्या शेडीतनंच जाणार, शंभर टक्के. नकाशा मी ह्या डोळ्यांनी बघितलाय. दिवे लागायच्या आत सांगा, न्हायतर मी दुसरीकडं बघतो."

"सांगतो," म्हणून मी फोन ठेवला. मग बाईंना सगळं सांगितलं. दया यावी म्हणून नाही, त्यांचं स्वागत कसलं असतं ते कळावं म्हणून.

बाईंनी विचारलं, "रस्ता तिथूनच जाणार, हे त्यांना नक्की माहीत आहे?"

"नकाशा बघितलाय म्हणतोय की."

"आणि तरी ते विकत घेताहेत?"

मी गाडी हळू केली.

"मला व्यवहारातलं कळत नाही, म्हणून विचारलं," त्या घाईनं म्हणाल्या. त्यांना वाटलं मी चिडलो. चिडलोच होतो, पण स्वतःवर. 'हे मशीन भंगार आहे' असं जो तीनतीनदा सांगतो, त्याला ते हवंच असतं. मी स्वतः बंद कारखान्यांत हेच बोलून मशिनी उचलल्या आहेत. भरपाईसाठी घेतोय म्हणावं, तर सरकारी पैशाची वाट बघत बसणारा तो माणूस नव्हे. त्यालाही काही माहीत नव्हतं. त्यानं फक्त माझी भीती ओळखली आणि तिला 'शंभर टक्के' विकलं. आणि मी घेतही होतो!

संकेश्वरला चहाला थांबलो. तिथंच त्याला फोन लावला.

"शेड विकायची न्हाय."

"अण्णा, रस्ता आला तर काय करशिला?"

"माहीत न्हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे मला माहीत न्हाय, आणि तुला बी माहीत न्हाय. ठेव फोन."

बाई हसायला लागल्या. मी म्हटलं, "हसू नका. तुमचं भाषण अजून मला पटलेलं न्हाय. कुणालाच माहीत नसणं येगळं. आणि खुर्चीत बसून 'उद्या या' म्हणत दुसऱ्याला टांगून ठेवणं येगळं. त्याचं बी स्वागत करू काय?"

बाईंनी कप खाली ठेवला. "नाही. काल मी हा फरक केला नाही. करायला हवा होता."

निपाणीत मी मुद्दाम व्याख्यानाला थांबलो. त्यांनी तो फरक सांगितला, चांगला सांगितला. पण 'एका गृहस्थांनी मला विचारलं' एवढंच म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या बाईंना. गृहस्थ मागच्या रांगेत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तडक कचेरीत गेलो. कारकुनानं मान वर न करता म्हटलं, "नाळे बर्री."

"उद्या यीत न्हाय. मला रस्ता नको, नकाशा नको. तुमाला माहीत न्हाय, एवढं तोंडानं म्हणा. मी जातो."

त्यानं साहेबाच्या खोलीकडं बघितलं. "असं म्हणता येत नाही हो."

"का? जीभ झिजती?"

मी तिथंच बाकावर बसून राहिलो. जेवणाची सुट्टी झाली, साहेब गाडीत बसून गेले. कारकून डबा घेऊन बाहेर आला, माझ्याजवळ थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नमगू गोत्तिल्री, अण्णा." आम्हालाही माहीत नाही हो.

त्याला वाटलं असेल, मी शांत होईन. माझ्या अंगाची लाही झाली. दोन पावसाळे! एवढंच सांगायला दोन पावसाळे! पहिल्या दिवशी हे म्हणाला असता, तर मी त्याच दिवशी ठरवलं असतं. माहीत नसताना धंदा कसा करायचा, हे मला कोणी शिकवायला नको. जुनं मशीन उघडल्याशिवाय आत काय आहे, ते कोणाला कळतं? मी ते रोज विकत घेतो. पण ज्यांना माहीत नाही, ते माहीत असल्यासारखा चेहरा करून बसले आणि मी त्या चेहऱ्याची वाट बघत बसलो.

त्याच आठवड्यात क्रेनच्या पायाचा खड्डा पुढं खणायला घेतला. बायको बाणाकडं बघत म्हणाली, "आणि रस्ता आला म्हंजे?"

"तवा भांडू."

बाण अजून तसाच आहे. मी तो पुसत नाही. कारकून बदलून गेला, नवा आलाय. तोही 'नाळे बर्री' म्हणतो.