अढीच्या खोलीतलं मशीन

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो आणि मी त्याच्यावर जळते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. हायस्कुलात पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने या वयात असं जळू नये हे मलाही कळतं. कळून काही उपयोग होत नाही.

बाबा शाळामास्तर होते. शनिवारी दुपारी शाळा सुटली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून एसटीने कुठल्या तरी गावी जायचे. कुठे नमनाचा खेळ असेल, कुठे जाखडीचा नाच, कुठे देवळातलं भजन. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला त्यांचा आवाज असतो: गाव कुठलं, अंगण कुणाचं, मृदंगावर कोण. आता त्यांचे दोन्ही डोळे गेलेत. पेपर नाही, टीव्ही नाही. दुपारी जेवण झालं की चहा होईपर्यंत ते स्वतःच्या टेपा ऐकतात, आणि खरं सांगायचं तर तोच त्यांचा दिवस. मध्ये टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा महिनाभर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले मी पाहिलेत. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही एवढं मी तेव्हाच ठरवलं.

कॅसेटींना बुरशी धरायला लागली होती. आमच्या कोकणातल्या हवेत पावसाचे चार महिने चामड्याची चप्पल टिकत नाही, तिथे कॅसेटीचं काय. मग मी त्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. दोनशे सव्वीस कॅसेटी. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ बसायचं, त्यात घाई चालत नाही. शाळेतून यायचं, चहा टाकायचा आणि हेडफोन लावायचा. मध्येच फीत अडकली की पेन्सिलीने फिरवायची, बुरशी कापसाने पुसायची. तीन वर्षं माझ्या संध्याकाळी त्यात गेल्या.

ते अर्ध्यावर आलं असताना भाऊ गणपतीला आला आणि येताना एक काळा डबा घेऊन आला. आत दोन हार्ड डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल ते आपोआप दुसरीवरही, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. त्यावर त्याने लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घातली, घरातल्या वायफायला जोडलं आणि बाबांच्या खुर्चीशेजारी तीन मोठ्या बटणांचा स्पीकर ठेवला. मधलं दाबलं की टेप सुरू. दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी पोरांना घेऊन आरे-वारेला समुद्रावर गेला, पाचव्या दिवशी पुण्याला.

त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला बाबांनी एकच वाक्य ऐकवलं. "धाकट्याने करून दिलंन सगळं." पोस्टमनला, दूधवाल्याला, डोळ्यांच्या डॉक्टरना. मी तिथेच उभी असायचे, चहाचा ट्रे घेऊन. त्या टेपा डब्यात काय आपल्या पायांनी चालत गेल्या? पण बाबांना डबा कळायचा, बटण कळायचं. माझ्या तीन वर्षांना बटण नव्हतं.

भाऊ पुण्यात बसून त्या मशीनमध्ये शिरायचा, काय हवं-नको बघायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मशीनला काही झालं, गरम झालं, डिस्क कुरकुरायला लागली की ते त्याला मेल पाठवायचं. इकडे वायर सैल झाली, पंख्यात पाल अडकली, तर हात घालायला मी. आणि मी हात घालण्याआधी आई आतून म्हणणार, "त्याला विचारलंस का गो?" मी रागाने लिनक्स शिकले. हसू नका, रागाने माणूस फार चांगलं शिकतो. शाळेच्या लायब्ररीतलं जुनं पुस्तक आणि इंटरनेट घेऊन सहा महिन्यांत मी त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ वाचू शकत होते. एक-दोन चुकाही काढल्या. कुणाला सांगितल्या नाहीत, पण काढल्या.

कॅसेटी सगळ्या उतरवून झाल्या तेव्हा भाऊ फोनवर म्हणाला होता, "ताई, दोन डिस्क आहेत म्हणजे झालं असं नाही. तिसरी प्रत माझ्याकडे पुण्यात ठेवू. दिवाळीत आलो की करतो." त्याच आठवड्यात मी बुरशीच्या कॅसेटी परसातल्या खड्ड्यात पुरल्या, कारण त्यांचा वास घरभर झाला होता.

दिवाळीत तो आला नाही, त्याला रजा मिळाली नाही. शेजारचे काका फराळाला आले. आंब्याच्या कलमांची बाग सांभाळतात, तरुणपणी नमनात नाचायचे. एका टेपमध्ये स्वतःचाच तेव्हाचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि बाबा म्हणाले, "बघ. पोरगा लांब राहून बापासाठी एवढं करतो." काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझी समजूत घातल्यासारखी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते गेल्यावर मी दोन गोष्टी केल्या. पहिली, तो डबा बैठकीच्या खोलीतून उचलला आणि मागच्या खोलीत नेला. जांभ्याच्या भिंती, उत्तरेची बाजू, घरातली सगळ्यात गार खोली. आईला तेच कारण सांगितलं. खरं कारण हे, की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा निळा दिवा दिसू नये. दुसरी, मशीनवरचं भावाचं खातं काढून टाकलं. आणि मेल त्याच्याऐवजी मला येतील असं लिहिलं. आता हे मशीन माझं. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगते.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. बाबांशी बोलून झाल्यावर म्हणाला, "ताई, मशीनचे मेल येतात ना तुला?"

"येतात की," मी म्हटलं.

एकही आला नव्हता. मी धरून चालले, की मेल नाही म्हणजे सगळं ठीक. गणिताची बाई, आणि एवढं तपासून बघावं असं वाटलं नाही. ते मेल जायचे त्याच्या खात्यातून. मी खातं काढलं तेव्हा पत्ता माझा राहिला आणि टपालपेटीच बंद झाली.

एप्रिलमध्ये आंबा उतरला. आमच्याकडे अढी त्याच मागच्या खोलीत घालतात, आजोबांच्या वेळेपासून. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. आंबा पिकायला लागला की पेंढ्यात हात घातला तरी ऊब लागते, खोलीही तापते. हे घरातलं लहान पोरही सांगेल. मला रोज सकाळी त्याच खोलीत जाऊन पिकलेले आंबे निवडताना ते सुचलं नाही. डबा कोपऱ्यात होता. आईने त्यात पेंढा जाऊ नये म्हणून त्याच्यावर एक गोणपाट टाकलं होतं, मशीन चांगलं राहावं म्हणून. मी ते बघितलं आणि आईचं बरोबर आहे असं मनात म्हटलं.

मे महिन्यात एका दुपारी बाबांनी हाक मारली. "अगो, मृदंग अडकतोय." मी म्हटलं वायफाय असेल. दुसऱ्या दिवशी टेप मध्येच बंद पडली. तिसऱ्या दिवशी सुरूच होईना. बाबा मधलं बटण दाबत राहिले.

मी लॅपटॉप घेऊन बसले आणि डिस्कांची स्थिती विचारणारा हुकूम दिला. दोन डिस्क धडधाकट असतील तर तिथे दोन यू दिसतात. मला एक यू दिसला आणि त्याच्या शेजारी एक रेघ. म्हणजे एक डिस्क गेलेली. आज नव्हे, नोंद बघितली तर पाच आठवड्यांपूर्वी. दुसरीचं तापमान विचारलं तर एकसष्ट अंश. तीही जागोजाग वाचता येत नव्हती, नोंदीत चुकांची रांग लागली होती. मी मागच्या खोलीत धावले. गोणपाट उचललं तर खालून भट्टीसारखी वाफ आली, पंख्याची जाळी पेंढ्याच्या भुशाने गच्च. तिथे उभी राहून मला पहिल्यांदा सगळं एका ओळीत दिसलं. डबा इथे कुणी आणला, मेल कुणी बंद केले, कॅसेटी कुणी पुरल्या.

मला कळत होतं एवढंच, की ही एक डिस्क गेली की बाबांचा आवाज, मृदंग, अंगणं, सगळं संपलं. चालू ठेवून कॉपी करावी की बंद करावी? कॉपी करता करता मेली तर? पुस्तकात उत्तर होतं, पण पुस्तकावर विसंबून हात चालेना. तासभर मी नुसती बसून राहिले. फोन हातात घेतला, ठेवला, घेतला. त्याला फोन करणं म्हणजे सगळं सांगणं, आणि आई दारात उभी राहून तेच म्हणत होती जे ती नेहमी म्हणते. शेवटी बैठकीच्या खोलीत डोकावले तर बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. मग मी फोन लावला.

मी सगळं सांगितलं नाही. एक डिस्क गेली, दुसरी जाते आहे, एवढंच. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाला, "ताई, आत्ता बंद कर. थंड होऊ दे, पुन्हा चालू करू नकोस. मी नवीन डिस्क घेऊन उद्या सकाळी येतो."

आला. मागची खोली बघितली, अढी बघितली, गोणपाट बघितलं. आम्ही दोघांनी डबा बैठकीच्या खोलीत आणला, टेबलपंखा त्याच्यावर सोडला आणि दुखरी डिस्क नव्या डिस्कवर उतरवायला घेतली. जिथे वाचता येत नाही तिथे अडून न बसता पुढे जायचं, मग मागे येऊन राहिलेलं पुन्हा पुन्हा खरवडायचं, असा तो प्रोग्रॅम असतो. दोन दिवस लागले. बाबा शेजारी बसून दर अर्ध्या तासाने विचारायचे, "किती झालं?" आणि तो सांगायचा. मला विचारायचे नाहीत. त्या परिस्थितीतही मला ते खुपलं, एवढी मी वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम संपलं. दोनशे सव्वीसपैकी तीन टेपा गेल्या. बाकी सगळ्या वाजत होत्या.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी जुन्या नोंदी चाळत होते. पहिली डिस्क नक्की केव्हापासून कुरकुरत होती ते मला बघायचं होतं. तिथे मला त्याचं नाव दिसलं. आत यायचा प्रयत्न, नाकारला. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी एकदा. पुढच्या रविवारी एकदा. मग दर रविवारी, एकदाच. सहा-सात महिने. दुसऱ्यांदा कधी दार ठोठावलं नव्हतं, आणि फोनवर एका शब्दाने बोलला नव्हता.

तो पंचा खांद्यावर टाकून आला आणि माझ्यामागे उभा राहिला. पडद्यावर काय आहे ते त्याला दिसलं.

"बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तू काढलंस म्हणजे तुला नको असेल. मला बाकी काही करायचं नव्हतं तिथे. बाबांनी आठवड्यात काय काय ऐकलं ते बघायचो फक्त. तू रोज त्यांच्याजवळ असतेस ना, म्हणून."

मला वाटत होतं जळणारी मी एकटीच.

संध्याकाळी शेजारचे काका चौकशीला आले. बाबांची खुर्ची पुन्हा खोलीकडे तोंड करून होती, हातात स्पीकर. आता ते वाक्य येणार आणि या वेळी त्यावर चिडायचाही मला हक्क नव्हता. "धाकटा धावून आला," बाबांनी सुरुवात केलीच.

"मी काय केलं बाबा," भाऊ म्हणाला, "मी डिस्क आणली फक्त. ताईने वेळेवर पकडलं म्हणून वाचलं. आणि या सगळ्या टेपा तिनेच तर उतरवल्यात. तीन वर्षं बसली होती."

बाबांनी चाचपत हात पुढे केला, माझं मनगट सापडलं ते धरलं आणि काकांना म्हणाले, "हिने केलंन हो सगळं. माझ्या मुलीने."

चार वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. भावाने ते माझ्यासाठी त्यांच्याकडून वदवून घेतलं, अर्धं खरं आणि अर्धं खोटं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता. काका माझ्याकडे बघत होते. बाबांनी मनगट सोडलं नव्हतं. खरं काय ते सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता.

मी म्हटलं, "हो, बाबा."